हिरव्या डोंगरावरच्या रेघा

परदेश म्हणजे उंच इमारती, चकचकीत दुकानं आणि बर्फ, अशी आपल्याकडे अजून एक समजूत आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर यातलं काहीच नाही. तिथे आहेत दगडी गडगे, मेंढ्या, ढग आणि पाऊस. आणि हिरवा रंग! नुसता हिरवा म्हणून भागायचं नाही बरं का. पोपटी, शेवाळी, कच्च्या कैरीचा, पिकायला आलेल्या लिंबाचा, सगळे एकाच डोंगरावर. फोटोचं वेड असलेल्या नवऱ्याबरोबर फिरायला याहून चांगला मुलूख नाही, आणि याहून वाईटही नाही. कारण दर अर्ध्या किलोमीटरवर गाडी थांबते.

आम्ही मेच्या अखेरीस गेलो. (आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, युरोपचा शेंगेन तिथे चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते.) डब्लिनहून गॅलवेपर्यंत दोनशे किलोमीटरचा मोठा रस्ता आहे, खरी गंमत त्यापुढे. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे ह्यांना अडचण आली नाही. पण आडवाटा इतक्या अरुंद, की मधोमध गवत उगवलेलं. समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाने मागे जायचं, आणि जाताना दुसऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं. हा तिकडचा रामराम! जिथे अजून आयरिश भाषा बोलतात त्या भागात पाट्याही त्याच भाषेत. एका वळणावर ‘गो मॉल’ अशी अक्षरं वाचून मला वाटलं, इतक्या रानात कुठला मॉल? त्याचा अर्थ ‘सावकाश’ असा निघाला.

पहिले दोन दिवस क्लेअर परगण्यात काढले. मोहेरचे कडे २१४ मीटरपर्यंत सरळ समुद्रातून उठलेले आहेत, पण तिथे गर्दी फार. मला आवडला तो बरेन. मैलोन्‌मैल राखी रंगाचा चुनखडीचा कातळ, जणू कुणी फरशी घालून मधेच काम सोडून दिलंय. आणि त्या फरशीच्या भेगांतून फुलं! बर्फाळ प्रदेशातली आणि भूमध्य समुद्राकाठची फुलझाडं इथे शेजारी शेजारी वाढतात. जेन्शियनचं एवढंसं फूल, पण निळं असं, की निळीची पुडी सांडावी. जवळच पोलनाब्रोनची पाच हजार वर्षांहून जुनी दगडी समाधी आहे. तिच्याखाली तेहेतीसएक माणसांची हाडं सापडली. तिच्याशेजारी ह्यांनी मला उभं केलं. ‘माणूस असला की आकार कळतो,’ हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या सगळ्या प्रवासांत मी अशी फूटपट्टी म्हणून उभी आहे. लाल शाल त्यासाठीच बरोबर असते.

दुसरी अडचण जेवणाची. गावांतली स्वयंपाकघरं नऊच्या सुमारास बंद होतात आणि ऊन नेमकं तेव्हाच सोन्यासारखं होतं. सूर्य मावळायला दहा वाजतात. मग मी सकाळीच घरमालकिणीकडून सोडा ब्रेड आणि उकडलेली अंडी बांधून घ्यायला लागले. हा पाव घरी करायला अगदी सोपा. कणीक आणि मैदा निम्मा निम्मा, मीठ, खायचा सोडा, आणि भिजवायला दाटसर आंबट ताक. यीस्ट नाही, मळणं नाही. मळलात तर चिवट होतो. गोळा थापून वर सुरीने खोल फुली मारायची आणि लगेच भट्टीत, कारण सोडा आणि ताक एकत्र आलं की फुगायला तिथेच सुरुवात होते.

कॉनेमारात कायलमोर नावाचं तळ्याकाठचं घर सगळेच पाहतात. मिचेल हेन्री या धनिकाने ते बांधलं. १८७४ साली त्याची बायको मार्गारेट वारली, तेव्हा तिच्यासाठी जवळच एक चिमुकलं चर्च उभारलं. १९२० पासून तिथे बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात. याच भागातला बॅलिनाहिंचचा वाडा आपल्या रणजींनी, म्हणजे रणजी करंडकाच्या नवानगरच्या जामसाहेबांनी, विकत घेतला होता आणि ते तिथे मासेमारीला येत. हे ऐकून ह्यांनी वाड्याचे चार फोटो जास्त काढले.

त्या संध्याकाळी ह्यांना भिंगातून डोंगराच्या उतारावर फणी फिरवल्यासारख्या रेघा दिसल्या. दुपारी तिथे काहीच नव्हतं. तिरपं ऊन पडलं आणि सावल्यांनी त्या उठल्या. मुक्कामाला घरमालकिणीला फोटो दाखवला. ती म्हणाली, ते बटाट्याचे वरंबे आहेत, दुष्काळाआधीचे. इतक्या उंचावर, इतक्या वाईट जमिनीत लोकांनी बटाटा लावला, कारण चांगली जमीन जमीनदारांची.

मग मी रात्री बसून वाचलं. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सारं पोट त्याच्यावर. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच किंवा अधिक जहाजांत बसून गेली. आणि त्याच वर्षांत तिथल्या बंदरांतून धान्य, गुरं, लोणी इंग्लंडला जातच होतं. १८४१ साली या बेटाची वस्ती ८० लाखांच्या वर होती. आज सगळं बेट मिळून ती ७० लाखांच्या घरात आहे. म्हणजे आम्हाला चार दिवस जो ‘मोकळा देखावा’ दिसत होता, तो मोकळा झालेला होता.

दुसऱ्या दिवशी लीनेनवरून डूलॉकच्या दरीत गेलो. दोन्हीकडे डोंगर, मधे काळंशार तळं, काठाने एकच रस्ता. मार्च १८४९ मध्ये लुइसबर्ग गावात शेकडो उपाशी माणसं मदतीसाठी जमली होती. तुम्ही खरोखर मदतीला पात्र आहात की नाही ते तपासायचंय, सकाळी डेल्फीच्या बंगल्यावर हजर व्हा, असं त्यांना सांगितलं गेलं. अंतर सुमारे १९ किलोमीटर. बायका, पोरं, म्हातारी याच रस्त्याने थंडीवाऱ्यात चालत गेली, आणि हात हलवत परतली. वाटेत किती मेली याचे आकडे निरनिराळे सांगतात. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या हकिगती मी घरात ऐकलेल्या आहेत. पण त्यांना निदान काम मिळालं होतं.

तिथे एक साधा दगडी क्रूस आहे. त्याच्यावर कोरलंय काय, तर महात्मा गांधींचं वचन! आपल्यासारख्याच माणसांना हलकं लेखून कुणाला स्वतःचा मान वाढल्यासारखा कसा वाटतो, अशा अर्थाचं. इतक्या दूर, वाऱ्यात, आपल्या माणसाचं नाव पाहून मला बोलवेना.

इकडे ह्यांनी तिपाई मांडली होती. ‘रस्त्यावर जरा तळ्याकडे तोंड करून उभी राहा. शाल असू दे.’

मी नाही म्हटलं.

‘अगं, माणूस नसला तर दरी केवढी आहे ते कळणार नाही.’

‘या रस्त्यावर मी प्रमाणाला उभी राहणार नाही,’ मी म्हटलं. ‘नाही कळलं तर न कळू दे.’

हे रागावले. पुढे लुइसबर्गपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. ह्यांचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं: फोटो नसता तर रेघा तरी कुठे दिसल्या असत्या? पण रिकामा रस्ता रिकामाच दिसायला हवा, या मतावर मी आजही आहे.

शेवटचा मुक्काम ॲकिल बेटावर. बेट म्हणायचं, पण पुलावरून गाडी जाते. तिथे स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ऐंशी ते शंभर दगडी घरांची एक ओळ आहे, छपराविना. लोक खाली किनाऱ्याकडे गेले, काही देशांतर करून गेले. नंतर कितीतरी वर्षं ही घरं उन्हाळ्यातल्या गोठाणांसारखी वापरात होती. गुरं वर आणायची, आणि बरोबर तरुण मुली यायच्या, दूध काढायला आणि लोणी करायला.

एका घरात आम्ही वाकून शिरलो. खोली एकच, आपल्या माजघराएवढीसुद्धा नाही. भिंतीत कोनाडा होता, गवत उगवलेला. ह्यांनी तिथे मला उभं राहायला सांगितलं नाही. गुडघ्यावर बसून नुसता कोनाडा टिपला, चार-पाच वेळा. पाऊस आला होता, मी कॅमेऱ्यावर छत्री धरली होती.