खळ्यातली फुलझाडे

रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, थिबा राजाच्या राजवाड्याकडे, जमीन म्हणजे नुसता जांभ्याचा कातळ. झाड लावायचे ठरले की या भागात माणूस खुरपे नव्हे, पहार शोधतो. हापूसच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडण्याची रीत तर जुनीच आहे. खड्डा करायचा, त्यात बाहेरून आणलेली माती, शेण आणि पालापाचोळा भरायचा आणि मृगाची वाट पाहायची. मग तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच घराची विहीर तळ दाखवते. कोकण बारमाही हिरवेगार असते असे सांगणारी मंडळी बहुधा गणपतीपुरती येऊन गेलेली असतात.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने सरकत गेले, तेव्हा आमच्या खळ्यातली जुनी बकुळ आडवी झाली. पडताना तिने जास्वंदी आणि तगरही चिरडल्या. घरात काकू एकटी; वय अठ्ठ्याहत्तर. तेव्हापासून देवाला फुले शेजाऱ्यांच्या गडग्यावरून येतात आणि ते तिला रुचत नाही. खळे पुन्हा लावायचे ठरले. काकूची अट एकच : रोज एक तरी फूल घरचे असावे, आणि उन्हाळ्यात सहा कळश्यांच्या वर पाणी लागू नये. सातवी कळशी तिला उचलवत नाही.

ही बातमी ऑकलंडला पुतणीकडे पोहोचली, आणि तिने कॅमेलियाची छायाचित्रे धाडली. फूल देखणे, यात शंका नाही. पाकळ्यांवर पाकळ्या मापून रचलेल्या. पॅरिसच्या ड्यूमाने 1848 साली त्याच्या नावाची कादंबरी लिहिली. 1893 साली न्यूझीलंडच्या स्त्रियांनी मताचा हक्क मिळवला, तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्या संसद-सभासदांना पांढरा कॅमेलिया दिला गेला होता. हे सारे मी काकूला वाचून दाखवले.

“बायकांना मत देणाऱ्यांचे फूल चांगलेच असणार रे,” ती म्हणाली. “वास आहे का?”

“बहुतेक जातींना नाही.”

“मग असू दे तिकडेच.”

जास्वंदीला तरी कुठे वास असतो? पण हे काकूला विचारायची हिंमत घरात कोणाची नाही.

खरे पाहता कॅमेलियाला आमची माती मानवली असती. त्याला आंबट जमीन लागते, आणि जांभ्याची जमीन आंबटच. पण त्याच्या कळ्या नीट उमलायला खरी थंडी हवी, आणि आमची थंडी पहाटे चादर ओढून घेण्यापुरती. त्यात चैत्र-वैशाखाचे ऊन आणि समुद्राचा खारा वारा. त्याचा सख्खा भाऊ मात्र आमच्या घरोघरी आधणात पडतो, तो म्हणजे चहा. थिबाच्या ब्रह्मदेशात तर चहाची पाने मुरवून खातात. 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत इथे काढलेल्या तीस वर्षांत राजाला त्यांची आठवण किती वेळा झाली असेल!

कॅमेलियाची हौस भागवायला कोकणात अनंत आहे. तोही मूळचा चीनकडला, तशीच चकचकीत गर्द पाने, तसेच पांढरे भरदार फूल, वर वास. आंबट जमीन त्यालाही हवीच. चुनखडीच्या मातीत त्याची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जांभ्यावर ती तक्रार सहसा नाही. एकेरी आणि दुहेरी अशा दोन जाती मिळतात. आम्ही दुहेरी घेतला. पावसाळ्यात फाटा टोचला तरी तो जगतो.

मोगऱ्यावर बराच खल झाला. बटमोगऱ्याची कळी गोल आणि भरगच्च, मदनबाणाची लांब आणि टोकदार. काकूचे मत बटमोगऱ्याला. पण मोगरा नेमका उन्हाळ्यात फुलतो आणि तेव्हाच त्याला पाणी लागते. म्हणून दोनच रोपे घेतली आणि मोरीचे पाणी जिथे पडते तिथे लावली. एकेरी तांबडी जास्वंद भांडी घासायच्या दगडाजवळ. अशा रीतीने तिन्ही झाडे सहा कळश्यांच्या हिशेबातून सुटली.

पश्चिमेकडून खारा वारा येतो. त्या गडग्याशी देवचाफा आणि तगर. देवचाफ्याची फांदी आठवडाभर सावलीत ठेवून, चीक वाळला की लावायची. एकदा धरला की मग पाण्यावाचून तो ऐन उन्हात, अंगावर पान नसताना फुलतो. घर सहा महिने बंद राहिले तरी जगणारे झाड हेच. असे मी म्हणालो नाही, पण काकूने ते ओळखले असावे. तिने त्याची जागा फाटकाजवळ नको, आत हवी म्हणून सांगितले.

सोनचाफ्याच्या रोपाला बी रुजवून फूल यायला सात-आठ वर्षे सहज जातात. कलमाला एक-दोन वर्षांत येते. पैशाचा फरक ऐकून मी जरा घुटमळलो.

“कलमच घे,” काकू म्हणाली. “बियांच्या झाडाची वाट बघायला मला सवड नाही.”

सुरंगी मला फार हवी होती. फांद्यांना फुले लगडतात तेव्हा वाटेवरून जाणारा थांबतो. पण ते मोठे झाड. आमच्या खळ्यात मावायचे नाही. त्यावर वाद झाला नाही.

कलमासाठी पडलेल्या बकुळीची जागा साफ करताना तिथे वीतभर उंचीचे एक बकुळीचे रोप सापडले, आपणहून उगवलेले. बकुळ किती सावकाश वाढते हे काकूला माझ्याहून जास्त ठाऊक. तिने कलमाला दुसरीकडे खड्डा घ्यायला लावला, रोपाभोवती चार चिरे लावून घेतले आणि ते मोजणीत धरायचे नाही म्हणून बजावले. तांदूळ धुतल्याचे पाणी ती तिथे स्वतः नेऊन ओतते.