भिंतीवरचा परवाना, मोबाइलमधला ओटीपी

जुन्या किराणा दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी आणखी तीन-चार चौकटी असायच्या. शॉप अ‍ॅक्टचा परवाना, विक्रीकराचा दाखला, वजनमापं पडताळल्याचं प्रमाणपत्र. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पेठेत दसऱ्याला दुकान धुऊन-पुसून काढायचे, तेव्हा दुकान चालवणारे आमचे आण्णा या चौकटींच्या काचाही स्वतः पुसायचे. पुसता पुसता कुठल्या परवान्याची मुदत कधी संपते हे त्यांचं वाचून व्हायचं. सातवी शिकलेला माणूस, पण आपल्या दुकानाला लागणारा कायदा त्यांना तोंडपाठ होता.

त्या काळी कायदा माणसाच्या रूपात दुकानाची पायरी चढायचा. वजनमापंवाले साहेब पेठेत मुक्काम टाकायचे आणि सगळे दुकानदार आपापली मापं पोत्यात घालून तिकडे न्यायचे. लोखंडी वजन उलटं केलं की बुडाला एक भोक दिसतं, त्यात शिसं भरलेलं असतं. वापरून वापरून वजन झिजलं असेल तर दुरुस्तीवाला त्यात शिसं घालून भरती करायचा, प्रमाण वजनाशी ताडून बघायचा, आणि मग साहेबांचा माणूस त्या शिशावर हातोडीने ठसा उमटवायचा. ठशात वर्ष असायचं आणि तिमाहीचं एक अक्षर. आण्णा ते शिसं अंगठ्याने चाचपून बघायचे. शेर-मण जाऊन किलो येताना त्यांच्या वडिलांनी पाहिलं होतं. मेट्रिक वजनं १९५८ पासून यायला लागली. गिऱ्हाईक नव्या मापावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं, तेव्हा हा सरकारी ठसाच दाखवावा लागे, असं आण्णा सांगत.

आता काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा असतो. लोखंडी वजनांची पडताळणी दोन वर्षांनी असे, या काट्याची दरवर्षी करावी लागते. १९७६ च्या कायद्याच्या जागी २००९ चा वैध मापन कायदा आला आणि तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. पण नवा काटा घेतला की झालं, त्याला कसला शिक्का, असं मानणारे दुकानदार मी पुष्कळ पाहतो. सुटी डाळ घरीच पिशव्यांत भरून विकायला ठेवली, तर त्यावर वजन, किंमत, पॅक केल्याचा महिना नि आपलं नाव-पत्ता छापावं लागतं, हेही दंडाची पावती हातात पडेपर्यंत अनेकांना ठाऊक नसतं.

शॉप अ‍ॅक्टची गोष्ट मात्र खरोखर सोपी झाली. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात दर आठवड्याला एक दिवस दुकान बंद ठेवणं सक्तीचं होतं. आमच्या पेठेचा वार सोमवार. त्या दिवशी फळी अर्धी उघडून कुणाला मीठ जरी दिलं तरी निरीक्षकाच्या शेरेवहीत नोंद व्हायची. मुंबईत याच परवान्याला गुमास्ता म्हणत, अजूनही म्हणतात. डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा आला. त्याने दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांची नोंदणी आणि नूतनीकरण काढूनच टाकलं. व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना दिली की झालं. दुकान वर्षभर उघडं ठेवता येतं, फक्त नोकरांची आठवड्याची सुट्टी बुडवता येत नाही. हा बदल मला मनापासून आवडतो. छोट्या दुकानदाराच्या वाट्याच्या किती चकरा त्याने वाचवल्या!

जकातीचंही तसंच. कोल्हापूरहून गूळ आणायचा तर नाक्यावर गाडी थांबवा, बिल दाखवा, पावती फाडा. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. मुंबईची थेट ३० जून २०१७ पर्यंत राहिली. मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना जीएसटीने काय उचलून नेलं हे सांगावं लागत नाही.

विक्रीकराचं चलन आण्णा स्वतः बँकेत भरायचे. कच्ची रोजकीर्द रात्री गल्ला मोजताना लिहायची, दिवाणजी आठवड्याने खतावणी करायचे, आणि तिमाही संपली की कापडात बांधलेल्या वह्या घेऊन दोघं वकिलाकडे जायचे. लाल वह्यांची लक्ष्मीपूजनाला पूजा व्हायची, पण त्या पूजेइतकीच रोज लिहिण्याची शिस्त महत्त्वाची होती. हिशेबाची वही नेमाने लिहिलेली असेल तरच कोर्ट तिच्याकडे पुरावा म्हणून बघतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. नुसत्या नोंदीवर कुणावर देणं लादता येत नाही, तेही तेव्हा होतं आणि आजही आहे. म्हणून जुने व्यापारी उधारीच्या खात्याखाली गिऱ्हाइकाची ‘बाकी कबूल’ अशी तारीखवार सही घ्यायचे. मुदतीच्या कायद्याने वसुलीच्या दाव्याला तीन वर्षं. ती उलटायच्या आत सही मिळाली की तिथून पुन्हा तीन वर्षं. आण्णांना त्या कायद्याचं नावही माहीत नसेल, पण कुठल्या खात्यावर यंदा सही घ्यायची याची यादी दिवाळीआधी त्यांच्या खिशात तयार असायची.

आज उधारी व्हॉट्सअ‍ॅपवर असते, पैसे यूपीआयने येतात, आणि मोठं देणं असलं की चेक मिळतो. चेक परत आला तर दुकानदार ओळखीखातर थांबतो. ‘बघू, देईल पुढच्या महिन्यात.’ इथेच हातचं जातं. चेकच्या कायद्यातल्या, १९८९ पासून लागू झालेल्या कलम १३८ खाली चेक न वटल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते, समोरच्याला ती मिळाल्यापासून १५ दिवस द्यावे लागतात, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात तक्रार. नोटिशीचे ३० दिवस चुकले की ती वाट जवळपास बंदच होते, आणि उरतो तो लांबलचक दिवाणी दावा.

आणि जीएसटी. १ जुलै २०१७ पासून तो आला. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला, ती राज्यातल्या राज्यातच असेल, तर वर्षाच्या ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची, म्हणजे कंपोझिशनची, सोय दीड कोटीपर्यंत आहे. कागद कमी झाले, रांगा संपल्या, घरबसल्या विवरणपत्र जातं. पण एक गोष्ट हातातून सुटली, आणि तिच्यामुळे मला झोप लागत नाही. दुकानदाराचा कायदा आता त्याच्या भिंतीवर राहिला नाही, दुसऱ्याच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीत गेला.

आमच्याच गल्लीतल्या एका स्टेशनरीवाल्याचं उदाहरण सांगतो. नोंदणी करताना कर सल्लागाराने स्वतःचा मोबाइल नंबर आणि ई-मेल घातला. पुढे सल्लागाराने व्यवसाय सोडला, तो नंबर बंद झाला. विवरणपत्रं थांबली. पोर्टलवर नोटिसा येत राहिल्या, त्या वाचणारं कुणी नव्हतं. सलग सहा महिने विवरणपत्र गेलं नाही की नोंदणी रद्द होऊ शकते, तशी ती झाली. त्याला कळलं ते एका शाळेच्या क्लार्ककडून: ‘तुमचा नंबर रद्द दाखवतोय, बिल पास होणार नाही.’ रद्द झालेली नोंदणी परत मिळवायला आदेशापासून ९० दिवसांची मुदत असते. तो धावत-पळत त्यात बसला, पण मागची सगळी विवरणपत्रं, विलंब शुल्क आणि व्याज भरून. विक्री शून्य असली तरी उशिराचे दिवसाला २० रुपये लागतातच.

यात त्याचं एकट्याचं नुकसान झालं नाही. आपण विवरणपत्र भरलं नाही तर आपल्याकडून माल घेणाऱ्याला त्याच्या कराची वजावट मिळत नाही. विक्रीकराच्या काळात आपली चूक आपल्या वहीत राहायची. आता ती गिऱ्हाइकाच्या खात्यात दिसते, आणि ते मुकाट्याने दुसरं दुकान धरतं.

सल्लागार असावा, चांगला असावा, त्याची फी वेळेवर द्यावी. आण्णांचेही वकील होतेच. पण वह्या आण्णांच्या कपाटात असायच्या आणि किल्ली कमरेला. म्हणून दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. जीएसटी, उद्यम आणि अन्न परवान्याच्या नोंदणीवर कुणाचा मोबाइल नंबर आहे हे या आठवड्यात बघून घ्या. तुमचा नसेल तर बदलून घ्या, आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा.