अपसव्य प्रदक्षिणा

सेवानिवृत्त मनुष्यास वेळ पुष्कळ मिळतो, आणि वेळ मिळाला कीं त्यास बेत सुचूं लागतात. गेल्या आश्विनांत मलाहि एक बेत सुचला. आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांना घरांत लहानथोर सर्वच दादा म्हणतात, चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यापूर्वीं वर्षभर आधीं त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनीं चालावयास मोकळीक दिली होती. परंतु वहिनींच्या धास्तीमुळें दादांचें चालणें गच्चीच्या दोन भिंतींमधल्या येरझारेपलीकडे गेलें नव्हतें. आयुष्यभर झपझप चालणारा मनुष्य पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत फिरतांना पाहणें मला सोसेना. त्यांना एकदां झाडांखालून चालवावें, आणि तेंहि अशा वाटेनें कीं जी गेल्या पावलीं न परततां फिरून मूळ ठिकाणींच येऊन मिळेल, असें मीं मनाशीं ठरविलें.

स्थळाचा शोध दूर करावा लागला नाहीं. पर्वतीवरचें देवालय नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधविलें; त्याच टेकडीच्या पाठीशीं दक्षिणेस तळजाईचें पठार आहे. देवीच्या देवळापर्यंत मोटार जाते, म्हणजे मुख्य चढ फुकटांत पदरीं पडतो. पुढें झाडींतून सपाटशा पाऊलवाटा. हें रान वनखात्यानें लावलेलें. अमरकोशांत लावलेल्या वनाला 'आराम' असें नांव दिलें आहे. दादांच्या प्रकृतीस याहून योग्य शब्द मला तरी सुचला नसता.

मी दोनदां एकटा जाऊन पावलें मोजून आलों. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेणारा मास्तर आतां पावलें घोकतो, म्हणून घरांत माझें हसूं झालें. देवळापासून देवळापर्यंत ४,८०० पावलें भरलीं. माझें पाऊल दोन फुटांचें, तेव्हां वाट तीन किलोमीटरांस किंचित् कमी. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक सोपा आडाखा सांगितला आहे : तीन मैलांस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. त्या हिशेबानें आमचा फेरा चाळीस मिनिटांचा. पण तो हिशेब धडधाकट माणसाचा, आणि त्यांत बसणें धरलेलें नाहीं. मीं चालणें दुप्पट धरलें, वर विसाव्याचीं चाळीस मिनिटें दिलीं, आणि कागदावर 'दोन तास' असें लिहून खालीं रेघ ओढली.

वाद उपस्थित झाला तो दिशेवरून. उजवा हात आंत ठेवून गेलें तर फेऱ्यांतला एकुलता एक खडा भाग शेवटीं उतार म्हणून येत होता. म्हाताऱ्या गुडघ्यांना चढापेक्षां उतार अधिक बाधतो, शिवाय तेथें मुरूम निसरडा. म्हणून मीं उलट दिशा धरली. "देवळापासून निघावयाचें आणि अपसव्य?" असें घरांतून विचारण्यांत आलें. देवी फेऱ्याच्या मध्यभागीं नसून कडेला आहे, तेव्हां ही प्रदक्षिणाच नव्हे, असें उत्तर मीं दिलें. तें मान्य झालें नाहीं. फक्त निरुत्तर केलें एवढेंच.

पुढें दिवाळी आली, मग नातवाची परीक्षा, मग पाहुणे. अखेर माघांतल्या एका रविवारीं आम्ही सहाजण निघालों, तेंहि सातच्या ऐवजीं सव्वाआठाला. पांचएकशें पावलें गेल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं डोक्यावर ऊन आहे. आश्विनांत जें गर्द छत मीं पाहिलें होतें तें नाहींसें झालें होतें! या रानांत गिरिपुष्पाचीं, ज्यास उंदीरमारीहि म्हणतात त्याचीं, झाडें फार. हा वृक्ष मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेंतला; तिकडे कोकोच्या बागांवर सावली धरावी म्हणून तो लावतात. आमच्याकडे मात्र हिंवाळ्याच्या अखेरीस तो पानें टाकून गुलाबी फुलांनीं भरून जातो. शोभा मोठी, सावली मुळींच नाहीं. ज्यानें ऋतुवर्णनाचे श्लोक चाळीस वर्षें शिकविले, त्याला आश्विन आणि माघ यांतला भेद कागदावर मांडावासा वाटला नाहीं.

निम्म्या वाटेवर दादा एका दगडावर बसले. चेहरा उतरला होता. "अर्धें झालें आहे; मागें जा कीं पुढें जा, अंतर तेंच," असें मी म्हणालों, आणि म्हणतांच माझ्याच योजनेचा दोष मला ऐकूं आला. फेऱ्याच्या मध्यावर मनुष्य घरापासून सर्वांत दूर असतो. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पदरानें दादांच्या डोक्यावर सावली धरली. तेवढ्यांत सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, ही डावीकडची आडवाट कोठें जाते?" ती सरळ देवळाकडे जात होती, सातशें पावलांवर. मला ती ठाऊक होती. वर्तुळ मोडतें म्हणून मीं ती नकाशांतून गाळली होती.

त्या वाटेनें आम्ही सावकाश परतलों. दादांना ताक दिल्यावर रंग आला. मोटारींत ते एवढेंच म्हणाले, "अण्णा, लहानपणींहि तूं उत्तर आधीं लिहीत होतास."

नवा कागद केला. देऊळ मध्यगांठ धरून तिच्या दोन्ही अंगांस एकेक लहान फेरा, आंकड्यांतल्या आठासारखा. प्रत्येकीं दीड हजार पावलांचा. म्हणजे कोठेंहि असलें तरी मोटार साडेसातशें पावलांच्या आंत. पहिला फेरा झाल्यावर पाणी प्यावें, नाडी पाहावी, आणि दुसरा करावयाचा कीं नाहीं तें दादांनीं ठरवावें, मीं नव्हे. फाल्गुनांत आम्ही साडेसहाला घर सोडलें. दादांनीं दोन्ही फेरे केले. दुसऱ्यांत वहिनींचा हात सोडून.

घरीं आल्यावर तो कागद दिव्याखालीं धरून आमच्या सौभाग्यवतींनीं आठावरून बोट फिरविलें, आणि एक फेरा सव्य तर दुसरा अपसव्य होतो, असें मला दाखवून दिलें.