खिडकीखालची मँडोलिन

सेरेनेड वाजवायला घेतलं की आधी जागा डोळ्यांसमोर आणावी लागते. रात्र, गल्ली, वरच्या मजल्यावरची बंद खिडकी आणि खाली उभा गाणारा. वाद्य काखेत मारून नेता येईल, उभ्याउभ्या छेडता येईल असंच हवं. म्हणून ल्यूट, गिटार, मँडोलिन. छेडलेला सूर लगेच विरतो. त्यामुळे गाणाऱ्याच्या शब्दांना वाट मिळते, आणि तो थांबला की वर कडी वाजली का, तेही ऐकू येतं.

मी मँडोलिन वाजवतो. आमच्या वाद्याला मोत्झार्टने ऑपेरात दिलेलं काम दोनेक मिनिटांचं, पण त्याहून नाजूक काम मला माहीत नाही. 'डॉन जोव्हानी' हा ऑपेरा १७८७ मध्ये प्रागला पहिल्यांदा रंगमंचावर आला. त्याच्या दुसऱ्या अंकात जोव्हानी नोकराचा झगा अंगावर चढवतो आणि त्यानेच सोडून दिलेल्या एल्विराच्या दासीच्या खिडकीखाली गातो. डी मेजर, सहा-आठचा झुलता ठेका, दोन कडवी. व्हायोलिनवाले गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात आणि त्यावरून मँडोलिनची जलद स्वरांची लड धावते.

आपल्याकडे मँडोलिन म्हटली की हिंदी चित्रपटगीतांतला थरथरता, लांबवलेला सूर आठवतो. माझा हातही त्यातच घडला : जोडतारांवर नखी इतक्या वेगाने वरखाली फिरवायची की सूर तुटू नये. इथे ते चालत नाही. प्रत्येक स्वर एकदाच, मनगट सैल, नखी तारेला जेमतेम टेकलेली. घोडीजवळ छेडलं तर आवाज टोचतो, म्हणून मी हात फिंगरबोर्डाकडे सरकवतो. स्वर सहा-सहाच्या गटांत येतात आणि गटाचा पहिला आघात दर वेळी वरून खाली पडतो, त्यामुळे तो नकळत जड होतो. तो हलका ठेवणं हाच इथला खरा रियाज.

जोव्हानी लबाड आहे. काही वादक म्हणून या गाण्यात डोळा मिचकावतात. मला ते पटत नाही. मोत्झार्टने सुरांत लबाडीची एकही खूण ठेवलेली नाही. दासीला अख्ख्या ऑपेरात एक ओळही गायला नाही, आणि उत्तर मिळण्याआधीच जोव्हानीवर सूड घ्यायला निघालेला शेतकरी मासेत्तो हत्यारबंद गावकऱ्यांना घेऊन येतो. तेवढ्यापुरतं तरी ते आर्जव खरं वाटलं पाहिजे, आणि ती जबाबदारी मँडोलिनवरही आहे.

सेरेनेड ऐकणाऱ्याला काय वाटतं, हे मोत्झार्टला स्वतःलाच ठाऊक होतं. ३१ ऑक्टोबर १७८१, त्याचा नामदिन, मुक्काम व्हिएन्ना. रात्री अकराला तो कपडे बदलायच्या बेतात असताना खाली अंगणात सहा वादकांनी त्याचीच ई-फ्लॅटमधली सेरेनेड सुरू केली : दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बासून. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने ते मोठ्या आनंदाने सांगितलं आहे. मैफिलीच्या टाळ्यांपेक्षा हे सुख निराळं. इथे सूर नेमक्या एका माणसासाठी घरापर्यंत चालत आलेले असतात.

म्हणून तालमीत माझी मागणी एकच असते : गायकाचा श्वास दिसेल अशी जागा. दुसऱ्या कडव्यात तो आवाज आणखी खाली घेतो, एखाद्या शब्दावर रेंगाळतो. तिथे माझी लड त्याच्यापुढे गेली, तर तो खिडकीशी न बोलता माझ्यामागे धावू लागतो.