थॉमस ग्रेची विलापिका आणि आपले वसतिगृह

शाळेने आपल्याला काय दिले, या विषयावर लिहावे असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आमच्या तुकडीतील काहीजण एकत्र बसलो. शिस्त, स्वावलंबन, पहाटेची वंदना, पंचशील हे सर्व इतर माजी विद्यार्थी अधिक अधिकाराने लिहितील, यात शंका नाही. आम्ही लिहिणार आहोत ते ग्रंथालयातल्या एका पुस्तकाविषयी, आणि खरे म्हणजे त्यातल्या दोनच कवितांविषयी. कुणा दात्याने दिलेल्या जुन्या पुस्तकांच्या पोत्यातून पालग्रेव्हने 1861 साली संपादित केलेल्या 'गोल्डन ट्रेझरी'ची एक पुठ्ठा सुटलेली प्रत आपल्याकडे आली होती. आमचे इंग्रजीचे गुरुजी रात्रीच्या अभ्यासिकेत, अभ्यासक्रमात नसतानाही, तीतील कविता वाचून दाखवीत. अठराव्या शतकातील थॉमस ग्रे हा कवी आमच्या वाट्याला असा आला.

ग्रेचे काव्य अगदी थोडे. त्याच्या हयातीत छापलेल्या सगळ्या कवितांचे मिळून एक लहानसे पुस्तक होईल. जन्म लंडनचा, 26 डिसेंबर 1716 चा. मृत्यू 1771 चा. आयुष्याचा बहुतेक काळ केंब्रिजमध्ये ग्रंथांच्या सहवासात गेला. 1757 साली राजकवीचे पद देऊ केले असता त्याने ते नाकारले. ही माहिती कोणत्याही कोशात मिळते. गुरुजींनी मात्र आम्हाला आधी त्याच्या आईची गोष्ट सांगितली. डोरोथी ग्रे हिला बारा अपत्ये झाली. त्यांतला एकटा थॉमस वाचला. नवरा मारझोड करणारा होता. ही बाई बहिणीच्या भागीदारीत स्त्रियांच्या टोप्या आणि पोशाखाचे सामान विकण्याचे दुकान चालवी, आणि त्या कमाईतून तिने मुलाला ईटनच्या निवासी शाळेत ठेवले.

उल्हासनगरच्या कॅम्पांत वाढलेल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या आया पाच नंबरच्या जीन्सच्या कारखान्यांतून पँटींचे गठ्ठे घरी आणून धागाकटिंग करीत. नगावर पैसे मिळत. महिन्याच्या भेटीच्या रविवारी त्यांच्या बोटांच्या पेरांना लागलेला निळा रंग आम्ही पाहात असू. ज्याची कविता इंग्रजी साहित्यात सर्वाधिक पाठ केल्या जाणाऱ्या कवितांपैकी एक मानली जाते, तो कवी एका शिवणकामाच्या सामानाच्या दुकानावर शिकला, हे कळल्यावर त्या परक्या नावाचा दबाव निम्मा कमी झाला.

ईटनच्या शाळेवरची त्याची कविता 1742 च्या उन्हाळ्यातली. छापली गेली 1747 मध्ये. पंचविशीतला कवी दुरून आपली जुनी शाळा पाहतो आहे. थेम्सच्या काठी मुले पोहत आहेत, चाक पळवीत आहेत, कुंपणाबाहेर जाण्याचे धाडस करीत आहेत. त्याच्या वर्गमित्रांपैकी रिचर्ड वेस्ट हा जिवलग मित्र त्याच वर्षी जून महिन्यात वारला होता. म्हणून कवीला त्या खेळणाऱ्या मुलांभोवती पुढील आयुष्यातील रोग, दारिद्र्य, मत्सर, वार्धक्य दबा धरून बसलेले दिसतात. आणि शेवटी तो म्हणतो की, हे सारे त्यांना आताच कशाला सांगायचे. नेणतेपणातच सुख असेल तर शहाणपण हाच वेडेपणा.

कविता सुंदर आहे, परंतु या निष्कर्षाशी आमचे तेव्हाही जमले नाही आणि आजही जमत नाही. ईटनची शाळा सहाव्या हेन्री राजाने 1440 साली सत्तर गरीब मुलांना विनामूल्य शिकता यावे म्हणून काढली होती. ग्रेच्या काळापर्यंत ती प्रामुख्याने श्रीमंतांची झाली होती. तिथल्या मुलांना दुःख पुढे कधीतरी कळणार होते. आमच्या वसतिगृहात येणारे मूल दुःख पत्र्याच्या पेटीत घालूनच येई. कुणाचे वडील वालधुनीच्या काठच्या झोपडीत दारूने गेलेले, कुणाच्या घरात 26 जुलै 2005 च्या पुरात पाणी शिरून दप्तरासकट सारे वाहून गेलेले. अशा मुलाचे नेणतेपण हिरावून घेण्याचा प्रश्नच नव्हता. जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांच्या साऱ्या दुर्दशेचे मूळ अविद्येत पाहिले. तथागतांनी पहिल्याच प्रवचनात दुःख आहे असे सांगून प्रारंभ केला. दोघांनाही न जाणण्यात सुख दिसले नाही. खेळायला मात्र आम्हीही खूप खेळलो. थेम्ससारखी पोहायला नदी नव्हती, कारण अंबरनाथच्या हजार वर्षांच्या शिवमंदिराला खेटून येणारी वालधुनी आमच्यापर्यंत पोहोचेतो कधी तांबडी, कधी काळी झालेली असे. सहलीला बदलापूरच्या पुढे गेलो की उल्हास नदीचे खरे पाणी दिसायचे.

दुसरी कविता म्हणजे 1751 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेली, खेड्यातील चर्चच्या आवारात लिहिलेली विलापिका. चार-चार ओळींची बत्तीस कडवी, एकाआड एक यमक, आणि संथ पावलांनी चालणारी लय. संध्याकाळ होते, घंटा वाजते, गुरे परततात, नांगऱ्या थकून घरी जातो आणि कवी एकटा उरतो. गोपगीतांत जे असते ते सर्व येथे आहे. परंतु सुखी मेंढपाळ आणि त्याची बासरी येथे नाही. कवी वळतो तो ज्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत अशा शेतकऱ्यांच्या थडग्यांकडे, आणि त्यांच्या कष्टांना हसू नका असे थोरामोठ्यांना बजावतो. इतिहास ज्यांची दखल घेत नाही त्यांच्यावर एवढी गंभीर कविता इंग्रजीत त्यापूर्वी क्वचितच लिहिली गेली असेल.

या कवितेत एक जागा आहे, जिथे गुरुजी नेहमी थांबत. या मातीखाली एखादा मुका मिल्टन झोपला असेल, एखादा राज्य चालविण्याच्या योग्यतेचा हात असेल. परंतु ज्ञानाचा ग्रंथ त्यांच्यापुढे कधी उघडलाच नाही, गारठविणाऱ्या दारिद्र्याने त्यांच्या अंतरीचा प्रवाह गोठवून टाकला, असा त्या जागेचा आशय आहे. गुरुजी पुस्तक मिटून विचारीत, "तुमच्या आजोबांपैकी कोण?" अभ्यासिकेत बराच वेळ कुणी बोलत नसे. आमच्यातील बहुतेकांचे आजोबा 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून, खानदेशातून या कारखान्यांच्या पट्ट्यात आलेले. एकाचे आजोबा अंगठेबहाद्दर, पण संपूर्ण भीमायन आणि शेकडो गीते त्यांना मुखोद्गत. दुसऱ्याची आजी जात्यावर स्वतः ओव्या रचीत असे. त्यांतली एकही कुणी लिहून ठेवली नाही.

येथेच कवितेशी आमचे भांडणही सुरू होते. कुणाच्या नजरेस न पडलेल्या प्रतिभेची उपमा ग्रे समुद्राच्या तळाशी पडलेल्या रत्नाला आणि ओसाड रानात उमलणाऱ्या फुलाला देतो. पुष्कळ वर्षांनी, महाविद्यालयात, विल्यम एम्प्सन या इंग्रज समीक्षकाचे गोपकाव्यावरील 1935 चे पुस्तक आमच्यापैकी एकाने वाचले आणि तो धावतच आम्हाला सांगायला आला. एम्प्सनचे म्हणणे थोडक्यात असे: अठराव्या शतकातील इंग्लंडात गरिबांसाठी शिष्यवृत्त्यांची व्यवस्था नव्हती, हा या उपमेमागचा व्यवहार आहे. परंतु कवी समाजरचनेला निसर्गाचे रूप देतो, त्यामुळे ती बदलण्याचा विचारच मनात येत नाही. रत्नाला गुहेत राहण्याचे दुःख नसते, आणि फुलाला तर न खुडले जाणेच बरे वाटेल!

आम्हाला वाटते, या टीकेचे उत्तर कवितेत नाही, ते आपल्या इतिहासात आहे. 1913 साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला. ती शिष्यवृत्ती नसती तर सातारच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसविलेला तो मुलगा समुद्रतळीच राहिला असता, आणि कुणी पुढे त्यावर हळहळणारी कविता लिहिली असती. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी पत्र काढले त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ग्रेने मुक्यांबद्दल शोक केला आणि बाबासाहेबांनी मुक्यांना वर्तमानपत्र दिले. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिथून पुढे ठिकठिकाणी धम्मबांधवांनी वर्गणी काढून, पत्र्याच्या छपराखाली का होईना, वसतिगृहे उभी केली. आपली शाळा त्याच ओळीतली आहे.

फुलाच्या उपमेवरून आणखी एक आठवले. थेरगाथेत सुनीत स्थविरांची गाथा आहे. हीन मानलेल्या कुळात जन्मलेला सुनीत वाळलेली फुले झाडून टाकण्याचे काम करी. लोकांपुढे मान खाली घालून जगणाऱ्या या माणसाला भगवंतांनी भिक्षुसंघात घेतले. आम्हाला विशेष वाटते ते असे की, ही कथा दुसऱ्या कुणी कळवळ्याने सांगितलेली नाही. गाथा सुनीताच्या स्वतःच्या मुखातली आहे. रानातले फूल येथे स्वतः बोलते, आणि तेही ग्रेच्या जवळजवळ दोन हजार वर्षे आधी.

गाव या विषयावर मात्र ग्रेला पुरते आपलेसे करणे अवघड जाते. त्याच्या खेड्यात श्रीमंतांची थडगी चर्चच्या आत आणि गरिबांची बाहेर, झाडाखाली. पण आवार तरी एकच. आमच्या आजोबांच्या गावात जिवंतपणी वस्ती गावकुसाबाहेर आणि मेल्यावर मसणवटाही वेगळा. संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगानावर जी कठोर टीका केली, ती या अनुभवातून आलेली होती. त्यामुळे हिरवी शेते, गुरांच्या घंटा, शांत खेडूत असे काही कवितेत आले की आमच्या मनात पहिला प्रश्न उठतो: पाणवठा कुणाचा? केशवसुतांनी अंत्यजाच्या मुलाच्या पहिल्या प्रश्नावर कविता लिहिली तेव्हा निदान एका मराठी कवीला हा प्रश्न ऐकू आला होता, हे नमूद केले पाहिजे. इंग्रजी काव्य वाचून घडलेला तो कवी. त्या वाचनाचे असेही चीज होऊ शकते.

असे असूनही ती संध्याकाळ आम्हाला सोडवत नाही. बदलापूरच्या बाजूला भातखाचरे अजून उरली आहेत, टावळीच्या डोंगरामागे सूर्य जातो, जांभळांच्या दिवसांत आदिवासी बाया टोपल्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात. हे सौंदर्य पाहण्याचा हक्क आपण कुणा जमीनदाराला कायमचा लिहून दिलेला नाही.

कवितेच्या ईटनमध्ये जपलेल्या हस्तलिखितात एक तपशील आहे. मुका मिल्टन जेथे येतो, तेथे ग्रेने आधी रोमन नावे लिहिली होती: केटो, टली, सीझर. पुढे ती काढून त्याने हॅम्पडेन, मिल्टन आणि क्रॉमवेल ही स्वतःच्या मातीतली नावे घातली. हे आम्ही गुरुजींकडून ऐकले आणि रात्री खोलीत आपली नावे घालण्याचा खेळ सुरू केला. वामनदादा कर्डकांवर एकमत झाले. प्रौढपणी अक्षरओळख झालेला हा माणूस पुढे महाराष्ट्रभर गात फिरला. तो मुका राहिला नाही, म्हणून तो या यादीत बसतो की नाही यावर दिवे मालवल्यानंतरही वाद चालला.

गेल्या वर्षी आम्हातील दोघे शाळेत इंग्रजीच्या तासाला पाहुणे म्हणून गेलो, तेव्हा नववीच्या मुलामुलींना या विलापिकेचा मराठी भावानुवाद करायला दिला होता. शीर्षकातील चर्चच्या आवाराला काय म्हणावे यावरच तास संपला. कुणी स्मशानभूमी म्हटले, कुणी दफनभूमी. वांगणीहून येणाऱ्या एका मुलीने वहीत "गावकुसाबाहेर" एवढाच शब्द लिहिला आणि पहिल्या कडव्याला लागली. तिची सहा कडवी झाली आहेत. उरलेली सव्वीस या सुट्टीत करीन, असे तिने कळविले आहे.