लष्कराच्या भाकऱ्या

लष्कराच्या भाकऱ्या भाजणे हा आपल्या भाषेतला एक खास कुत्सित वाक्प्रचार आहे. ज्यात स्वतःचा काडीचाही लाभ नाही असा परका उद्योग अंगावर घेणाऱ्याला तो ऐकवला जातो. आम्हांला तो पुण्याहून येणाऱ्या फोनवर गेली पंधरा वर्षे ऐकवला जात आहे, आणि आमच्या बाबतीत तो जवळजवळ शब्दशः खरा आहे ही त्यातली गंमत. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका गावात आम्ही सहाजण मिळून एक छोटा धर्मादाय न्यास चालवतो. सहांपैकी दोघे मराठी, दोघी नेपाळी परिचारिका, एक निवृत्त इंग्रज लष्करी अधिकारी आणि एक हिशेबनीस. नेपाळच्या डोंगरांत राहणारे वृद्ध गुरखा सैनिक, त्यांच्या विधवा आणि त्यांची कुटुंबे यांच्यापर्यंत थोडी मदत पोहोचवणे हे आमचे काम. कुणाला चष्मा, कुणाच्या छपराला पत्रे, कुणाला जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतचे जीपचे भाडे, आणि सर्वांत अधिक म्हणजे कागद. कागदांविषयी पुढे येईलच.

या क्षेत्रात आम्ही एकटे नाही, पहिलेही नाही. 1969 साली स्थापन झालेला गुरखा वेल्फेअर ट्रस्ट हे काम फार मोठ्या प्रमाणावर करतो. नेपाळभर त्याची कल्याण केंद्रे आहेत, पोखरा आणि धरान येथे वृद्धनिवास आहेत, आणि ज्यांना सरकारी निवृत्तिवेतन नाही अशांना तो दरमहा रक्कम देतो. मोठ्या संस्थेच्या जाळ्यातून जे बारीकसारीक निसटते ते वेचणे एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. तेही थेट करता येत नाही. परदेशी संस्थेला नेपाळात काम करायचे तर तिथल्या समाज कल्याण परिषदेची परवानगी लागते, म्हणून आम्ही तिथल्या एका नोंदणीकृत संस्थेच्या हातून काम करतो. डोंगर चढून घरोघर जाणारे आमचे कार्यकर्ते हे तिथलेच एक निवृत्त शाळामास्तर आहेत.

निवृत्तिवेतन नसलेले सैनिक मुळात उरतात कसे, हा प्रश्न वाचकाला पडला असेल. ब्रिटिश सेवेतल्या गुरख्याला निवृत्तिवेतन मिळवायला 15 वर्षांची नोकरी लागे. दोन्ही महायुद्धांत मिळून दोन लाखांवर गुरखे लढले, आणि युद्ध संपताच त्यांतले असंख्य चार, पाच, सात वर्षांच्या नोकरीनंतर घरी पाठवले गेले. पुढे बोर्निओतला संघर्ष 1966 मध्ये निवळल्यावर ब्रिटिश गुरखा ब्रिगेडची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणण्यात आली, तेव्हाही तेच झाले. दरम्यान 1947 च्या नोव्हेंबरात भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात करार होऊन दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. भारताकडच्या पात्र निवृत्तांना आजही काठमांडू, पोखरा आणि धरान येथील भारतीय कार्यालयांतून निवृत्तिवेतन मिळते. पण 1946 साली नाव कमी झालेला जवान कोणाचा? ज्या सैन्यात तो होता ते सैन्यच पुढच्या वर्षी विभागले गेले, आणि ज्या राज्याची ती फौज होती ते राज्यही संपले.

नेपाळीत अशा माणसाला ‘लाहुरे’ म्हणतात. रणजितसिंहांच्या काळात डोंगरातली मुले लाहोरला जाऊन त्यांच्या फौजेत भरती होत, त्यावरून हा शब्द आला. लाहोर गेले, रणजितसिंह गेले, नंतर ब्रिटिशही गेले, शब्द तेवढा राहिला. आज आखातात किंवा मलेशियात कामाला जाणाऱ्यालाही तो लावतात. आमच्यातल्या दोघांना हे ऐकताना कोकण आठवते. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर गावेच्या गावे कशी जगली हे मराठी वाचकाला सांगायला नको. लष्कराच्या बाबतीतही आपली आणि त्यांची वाट फार वेगळी नाही. 1944 च्या उन्हाळ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे इटलीच्या टायबर खोऱ्यात कामी आले, आणि त्याच वर्षी त्याच मोहिमेत शेरबहादूर थापा आणि थमन गुरुंग हे गुरखे पडले. तिघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यामुळे ‘तुमचा त्या लोकांशी संबंध काय’ या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सातारा-रायगडच्या गावांतून देता येते. अर्थात प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवेच असते असे नाही.

आता कागद. गुरखा पलटणींत एकाच नावाचे इतके जण असत की सैनिक क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे नावाला जोडूनच हाक मारली जाई. भरतीच्या वेळी कारकुनाने कानाला जसे लागले तसे नाव इंग्रजीत लिहिले, वय अंदाजे टाकले, गावाचे नाव तर अनेकदा शेजारच्या बाजाराचेच. पुढे नेपाळ सरकारने नागरिकता प्रमाणपत्र दिले ते चौथ्याच नावाने. लग्ने नोंदलेली नाहीत. डिस्चार्ज बुक दरडीखाली, किंवा वाळवीच्या पोटात. आपल्याकडचा निवृत्त माणूस दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेच्या रांगेत उभा राहतो आणि ‘मी समोर उभा असताना मी जिवंत असल्याचा पुरावा कशाला’ म्हणून कुरकुरतो. या विधवांना त्याहून अवघड गोष्ट सिद्ध करायची असते. एक मेलेला माणूस एके काळी अमुक ठिकाणी जिवंत होता, आणि तो आपला होता, ही.

2012 साली आम्ही तिघे मास्तरांबरोबर स्यांगजा जिल्ह्यात गेलो होतो. तिथली एक वृद्धा, छेत्री कुटुंबातली, नव्वदीकडे झुकलेली. नवरा नवव्या गुरखा रायफल्समध्ये होता. ही रेजिमेंट पुढे भारताकडे आली. तो 1946 मध्ये सुटला आणि पुढे कधीतरी वारला. मास्तरांनी अर्जावरचा पहिला प्रश्न विचारला, नवऱ्याचे नाव. बाई गप्प. आपल्याकडच्या जुन्या बायकांसारख्याच तिथल्याही बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, आणि तिथे उखाण्याची पळवाटही हाताशी नव्हती. मास्तरांनी हसून ‘सांगा आमा, पुण्य लागेल’ म्हटले, तेव्हा तिने मान वर करून एक संख्या म्हटली. संथ, एकेक आकडा वेगळा, परवचा म्हणावा तशी. तो त्याचा सैनिक क्रमांक होता. नाव घ्यायची चोरी होती, क्रमांकाची नव्हती. साठ-सत्तर वर्षे तिने तो तोंडात ठेवला होता. पुढे काही महिन्यांनी दिराच्या घरातल्या पेटीत डिस्चार्ज बुक सापडले. त्यातला क्रमांक अचूक जुळला. नाव मात्र जुळले नाही.

त्या दुपारचे बाकीचे संभाषण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. आमचा अर्ज गरजेविषयी आहे. घरात खाणारी माणसे किती, शेत किती, छप्पर कशाचे, दुखणे कोणते. मास्तर एकेक विचारत होते आणि बाई उत्तरे देत होती, पण ती प्रश्नांची उत्तरे नव्हती. खाणारी माणसे किती? तो दोनदाच रजेवर आला. छप्पर कशाचे? इटलीला होता, कासिनोला, डोंगरावर नऊ दिवस पाण्यावाचून. दुखणे? सात वर्षे गेली त्यात. ती चुकवाचुकवी करत नव्हती. आम्ही हलाखी विचारत होतो, ती चाकरीचा हिशेब सांगत होती. (मार्च 1944 मध्ये मॉन्टे कासिनोच्या ‘हँगमन्स हिल’ या उंचवट्यावर नवव्या गुरख्यांची पहिली बटालियन खरोखरच नऊ दिवस वेढल्यासारखी तग धरून होती.)

मराठीत ‘देणे’ हा एकच शब्द दोन कामे करतो. क्रियापद म्हणून तो दान आहे, नाम म्हणून तो कर्ज आहे. ‘मी त्याला दिले’ आणि ‘मी त्याचे देणे लागतो’ यांत वाक्याची रचना बदलते तशी माणसाची पायरीही बदलते. पहिल्यात देणारा उंचावर असतो, दुसऱ्यात तो खाली उतरतो. ‘समाजाचे देणे’ हा भाषणबाजीतला शब्दप्रयोग वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे खरा, पण त्याखाली ही धार अजून आहे. इंग्लंडच्या धर्मादाय कायद्यात ती नाही. 2011 च्या कायद्यातली धर्मादाय उद्दिष्टांची यादी आम्ही अनेकदा वाचली आहे. तीत वार्धक्य, आजार, अपंगत्व, आर्थिक अडचण यांनी गांजलेल्यांचे साहाय्य आहे, सैन्यदलाची कार्यक्षमता वाढवणेही आहे. राहिलेले देणे फेडणे हे उद्दिष्ट तिथे नाही, आणि असणारही नाही, कारण देणे असेल तर ते राज्याने फेडायचे. आमच्या न्यासाचे अस्तित्वच या फटीत आहे. राज्याने ‘नियमाप्रमाणे काही देणे लागत नाही’ असे म्हटल्यावर जे उरते त्याला आम्ही ‘गरज’ असे नाव देतो आणि लोकांकडे झोळी पसरतो.

झोळी पसरण्याचेही एक साहित्यशास्त्र आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही अशी आमची तक्रार आहे. दर शरदात आम्ही देणगीदारांना पत्र लिहितो. या पत्राचा साचा ठरलेला आहे. सुरुवातीला एक माणूस, त्याचा एकच सुरकुतलेला चेहरा, गळके छप्पर, पावसाळा, मग एक छोटी रक्कम आणि तिने होणारा बदल. करुणरसाचा इतका काटकसरी वापर भवभूतीनेही केला नसेल. या पत्रावरून आमच्यात दरवर्षी भांडण होते. अधिकारीमहाशयांना शौर्य हवे असते, कुकरी हवी असते. परिचारिकांपैकी एकीचे आजोबा मलायात होते. तिचे म्हणणे असे की आजोबांचा फोटो असा कोणी छापला असता तर त्यांनी पैसे परत पाठवले असते. हिशेबनीस शांतपणे सांगतो की ज्या वर्षी चेहरा छापला नाही त्या वर्षी पैसे कमी आले. तो खरे बोलतो.

या भांडणात आम्हांला मदत झाली ती एका कादंबरीची. पारिजात यांच्या ‘शिरीषको फूल’ या प्रसिद्ध नेपाळी कादंबरीचा नायक सुयोगवीर हा बर्मातल्या लढाईहून परतलेला निवृत्त लाहुरेच आहे. पण तो आमच्या पत्रात बसत नाही. दारू पितो, पोकळ झाला आहे, आणि युद्धात त्याने तिथल्या स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या आठवणी त्याच्या मागे आहेत. त्याचा फोटो आम्ही छापू का? छापला तर कोणी दमडी देईल का? आपल्या परंपरेत दानाला ‘सत्पात्र’ लागते. घेणारा गरीब असून भागत नाही, तो चांगला, सोसणारा, कृतज्ञही असावा लागतो. देण्याला असली अट नसते. वाण्याचे पैसे आपण त्याचे चारित्र्य पाहून चुकते करत नाही. सुयोगवीराने गुन्हे केले असतील तर त्यांचा न्याय वेगळा व्हावा, आणि तो झाला नाही हे खरेच. पण त्याचे निवृत्तिवेतन लोकांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर अवलंबून असावे, हे आम्हांला पटत नाही. पत्रातून मात्र आम्ही अजूनही सुयोगवीरांना वगळूनच लिहितो. दुसरा उपाय सापडलेला नाही.

2009 साली ब्रिटिश सरकारने, संसदेत हार पत्करल्यावर, 1997 पूर्वी निवृत्त झालेल्या आणि किमान चार वर्षे नोकरी केलेल्या गुरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याची मुभा दिली. त्यानंतर ऑल्डरशॉट, फार्नबरो या भागांत अनेक वृद्ध जोडपी आली, आणि आमचे काम अर्धे घराशी आले. पार्कातल्या बाकांवर दौरा-सुरुवाल आणि टोपीतली ती माणसे बसलेली असत. विजेचे बिल कोणते आणि जाहिरात कोणती हे सांगायला कोणीतरी लागे. हिवाळ्यात एकच खोली तापवून राहत. त्यांच्यातले काही जण कंटाळून परत गेले. 2021 च्या ऑगस्टमध्ये निवृत्तिवेतनाच्या समानतेसाठी पंतप्रधानांच्या निवासासमोर तेरा दिवसांचे उपोषण झाले. न्यास म्हणून आम्ही काय करावे यावर तीन तास चर्चा झाली, ठरले काहीच नाही; दुसऱ्या दिवशी सहापैकी चौघे तिथे ब्लँकेटे घेऊन एकमेकांना भेटले.

आणि 2022 मध्ये भारतात अग्निपथ योजना आली, तेव्हा आमच्या मास्तरांचा फोन आला होता. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांपैकी एकच कायम, बाकीच्यांना एकरकमी पैसे आणि निवृत्तिवेतन नाही. नेपाळने त्या अटींवर आपली मुले पाठवायचे थांबवले आहे. मास्तर एवढेच म्हणाले, ‘पंधराची चार झाली.’

महायुद्धातले सैनिक आमच्या यादीत आता राहिलेले नाहीत. विधवाही थोड्या उरल्या. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात, ज्याचा केंद्रबिंदू गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ होता, यादीतली बरीच घरे पडली आणि त्यासोबत पेट्या गाडल्या गेल्या, म्हणजे पुन्हा कागदच. स्यांगजाची ती वृद्धा त्याआधीच गेली होती. तिला दोन वर्षे रक्कम मिळाली.

मागच्या महिन्यात मास्तरांनी एक नवे नाव पाठवले आहे. एका लाहुऱ्याची मुलगी, सासरहून परत पाठवलेली, वय पासष्ट. वडिलांचे आणि नंतर आईचे अंथरुणातले सगळे हिनेच केले, आणि आईची रक्कम आईबरोबर थांबली. आमच्या घटनेत कुटुंब म्हणजे पत्नी आणि अज्ञान मुले. मास्तरांनी अर्जाच्या ‘नाते’ या रकान्यात काहीच लिहिलेले नाही. बैठक येत्या शनिवारी आहे, आणि अधिकारीमहाशयांनी घटनेची प्रत आधीच सर्वांना पाठवून ठेवली आहे.