आपलं माणूस आलंय!

सत्तरच्या दशकात लंडनमधल्या मराठी घरांत टीव्ही बहुतेक भाड्याचा असायचा. काही घरांत त्याच्या पाठीला पत्र्याची पेटी असे. पेटीत पन्नास पेन्सचं नाणं टाकलं की चित्र यायचं आणि पैसे संपले की ऐन रंगात आलेल्या प्रसंगावर अंधार व्हायचा. मग कोटांचे खिसे, देवघरातली वाटी, खिडकीतली बरणी अशी सगळीकडे शोधाशोध. गॅसच्या मीटरलाही तेच नाणं लागायचं. आंघोळीचं पाणी की बातम्या, हा निर्णय बाबा द्यायचे आणि त्यावर अपील नसे.

वेम्ब्ली, हॅरो, विल्सडन, साउथॉल. तुम्ही तिथं वाढला असाल तर हे सगळं आठवत असेलच. पॅराफिनच्या शेगडीचा वास. जॅमच्या रिकाम्या बाटल्यांतला गोडा मसाला. आज्यांनी विमानातून आणलेल्या, जुन्या नऊवारींच्या गोधड्या. चारी कडांनी लिहून भरलेली निळी एअरोग्रामं. थोरल्याचा स्वेटर मधल्याला, मधल्याचा धाकटीला, आणि धाकटीलाही तोकडा झाला की तो उसवायचा, लोकर किटलीच्या वाफेवर सरळ करायची आणि त्यातून थोरल्याला कानटोपी विणायची. काही म्हणजे काही फेकायचं नाही. आणि फोडणी घालताना स्वयंपाकघराचं दार घट्ट बंद. शाळेचे कोट आधी वरच्या मजल्यावर, कपाटात. हिंगाचा वास कोटाला लागला तर उद्या शाळेत... हे वाक्य आमच्या आयांनी कधी पुरं केलं नाही.

टीव्हीवर चॅनेल तीनच. त्या तिन्हींवर दिवसच्या दिवस आपल्यासारखा चेहरा दिसायचा नाही. दिसलाच तर घरात हाक उठायची: ‘अरे या, लवकर या, आपलं माणूस आलंय!’ आई ओल्या हातानं यायची, बाबा दाढीचा साबण तसाच ठेवून यायचे, वरच्या खोलीतले भाडेकरू काका जिन्यावरून धडधडत यायचे. १९७१ साली ओव्हलवर चंद्रशेखरनं सहा बळी घेतले तेव्हा ही हाक आख्ख्या गल्लीत गेली होती. पण अशी भाग्याची हाक क्वचित. एरवी ‘आपलं माणूस’ यायचं ते विनोदी मालिकेत, आणि आलं की काही तरी घोटाळा करून जायचं.

‘आपलं’ या शब्दात तेव्हा फार माणसं मावायची. पंजाबी आपले, बंगाली आपले, लाहोरचेही आपले, कोलंबोचेही. ही मोठ्या मनाची गोष्ट होती आणि थोडी नाइलाजाचीही, कारण रस्त्यावर ओरडणाऱ्यांच्या लेखी आपण सगळे एकच होतो. त्यांच्याकडे सगळ्यांसाठी एकच शिवी होती: पाकी.

आमच्या गल्लीत देवळालीच्या काकू होत्या. त्यांना टीव्हीचं फारसं वेड नव्हतं, पण एका मालिकेसाठी त्या शेजारी येऊन बसायच्या. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या मालिकेसाठी. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी लिहिलेली ही मालिका १९७४ ते १९८१ बीबीसीवर चालली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सैनिकांसाठी नाच-गाणी करणारी एक इंग्रज तुकडी आणि तिची छावणी, तीही चक्क आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत. म्हणजे मालिकेतली. चित्रीकरण सगळं इंग्लंडात. पेरी स्वतः त्या काळात हिंदुस्थानात सैनिक म्हणून राहिलेले होते, तेव्हा तंबू, पंखे ओढणारे, चहावाले हे त्यांनी पाहिलेलंच होतं.

काकू लॅम रोडवरचे पारशांचे बंगले शोधायच्या, दूरवरचे डोंगर शोधायच्या. ते मिळणार नव्हतेच. त्यांचं लक्ष मग रंगीराम या नोकराकडे जायचं. रंगीरामचं काम मायकेल बेट्स हा गोरा नट तोंडाला रंग फासून करायचा. बेट्सचा जन्म झाशीचा, हिंदुस्थानी त्याला येत असे, त्यामुळे त्याचं बोलणं अगदीच उपरं नव्हतं. रंगीराम स्वतःला साहेबांतलाच एक समजतो, ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणून बोलतो, आणि घरभर हशा पिकतो. काकूही हसायच्या. पण एकदा हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘ह्या माणसाला घर आहे का? बायको कुठली, लेकरं किती, संध्याकाळी जेवतो कुठं?’

आम्ही मुलं गप्प बसलो. सार्जंट मेजरला पूर्वायुष्य होतं, पोरसवदा सैनिकांना इंग्लंडातल्या आया होत्या, मालिकेच्या नावातच एक आई होती. रंगीराम मात्र तंबूच्या दारातून यायचा आणि तंबूच्या दारातून जायचा. काकूंचे वडील देवळाली कॅम्पात दुकान चालवायचे, गोऱ्यांना साबण-मेणबत्त्या विकायचे. त्यांना घर होतं, विहीर होती, उधारीची वही होती, आणि गोऱ्यांच्या चालीबोलीच्या रोज रात्री जेवताना केलेल्या नकला होत्या. काकूंना दिसत होतं ते एवढंच, की देवळालीतले देवळालीकर या देवळालीत कुठंच नव्हते.

विनोद कुठं दुखावतो, यावर आजवर पुष्कळ मोठी माणसं पुष्कळ बोलली. मला अजून काकूंचाच प्रश्न सगळ्यांत कामाचा वाटतो.

मग १९७७च्या शेवटी ‘माइंड युअर लँग्वेज’ आली. लंडनमधला रात्रीच्या इंग्रजीचा वर्ग, मास्तर मिस्टर ब्राऊन, आणि देशोदेशींचे विद्यार्थी. जर्मन बाई शिस्तीची, इटालियन पुरुष बायकांमागे लागणारा, जपानी सतत वाकणारा, चिनी मुलगी माओचं पुस्तक कवटाळणारी. लाहोरचा अली आणि शीख रणजित सिंग सारखे भांडणारे. आणि जमिला, साडी नेसून वर्गात विणकाम करत बसणारी. ‘आपलं माणूस आलंय’ नव्हे, इथं तर एकदम तीन आले होते! अलीचं काम करणारे दिनो शफीक ढाक्याचे, जमिला मॅसी सिमल्याच्या, रणजित झालेले अल्बर्ट मोझेस सिलोनचे. तोंडाला रंग फासलेलं कुणी नव्हतं. आमच्या घरांनी या मालिकेवर जीव टाकला, हे सांगायलाच हवं. नाणी आधीच बाजूला काढून ठेवलेली असायची.

आणि का टाकू नये? आमच्या आया खरोखरच अशा वर्गांना जात होत्या. दिवसा कारखान्यात शिलाई किंवा पॅकिंग, संध्याकाळी पोळ्या लाटून ठेवायच्या, कोट चढवायचा आणि जवळच्या शाळेत लहान मुलांच्या बाकांवर जाऊन बसायचं. बाजूला ग्रीक बाई, मागं इटालियन, पुढं पोलिश म्हातारा. जमिलासारखं विणकामही चालायचं, कारण हात रिकामे ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. पडद्यावर स्वतःचा वर्ग बघून त्या हसत होत्या आणि त्या हसण्यात अभिमान होता.

फरक आम्हाला फार पुढं कळला. मिस्टर ब्राऊनच्या वर्गात कुणी काही शिकत नाही. पहिल्या भागात जी चूक, तीच पंचविसाव्या भागात. शिकले तर विनोद संपेल, म्हणून त्यांना शिकण्याची परवानगीच नव्हती. आमच्या आया मात्र शिकल्या. डॉक्टरांना दुखणं सांगायला शिकल्या, घरमालकाला पत्र लिहायला शिकल्या, ग्रंथालयातून अगाथा ख्रिस्ती आणून खुनी कोण हे आमच्याआधी ओळखायला शिकल्या. त्या शिकलेल्या बाईवर मालिका काढावी असं कुणाला सुचलं नाही.

आणि मालिकेच्या दुसऱ्या दिवशी शाळेचं मैदान असायचं.

आदल्या रात्री आम्ही जे पाहिलं होतं, तेच वर्गातल्या गोऱ्या मुलांनीही पाहिलेलं असायचं. मधल्या सुट्टीत हात जोडले जायचे, माना डोलायच्या, रणजितसारख्या हजार वेळा माफ्या मागितल्या जायच्या. एक मुलगा, मग चार, मग रिंगण. आमच्यातले बहुतेक जण इथंच जन्मलेले, बोलणं त्यांच्यासारखंच, पण त्यांना आमच्या तोंडून तोच टीव्हीवरचा हेल हवा असायचा. ‘बोल ना तसं. तुझी आई बोलते तसं बोल.’ टीव्हीवरच्या नकलेनं ‘तुझी आई’पर्यंतचा रस्ता एका रात्रीत कापलेला असायचा. विनोदाची रेषा ओलांडली जायची ती इथं. दिवाणखान्यात बसून ती दिसत नव्हती.

बाहेरची हवा तशीच होती. १९६८ साली इनॉक पॉवेलचं स्थलांतरितांविरुद्धचं ते भाषण झालं होतं. जून १९७६ मध्ये साउथॉलमध्ये गुरदीपसिंग छग्गर या अठरा वर्षांच्या मुलाला भोसकून मारलं. त्याच काळात ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ बीबीसीवर दिमाखात सुरू होता. गोरे गायक तोंडाला काळं फासून, ओठ पांढरे रंगवून गायचे. १९५८ ते १९७८, वीस वर्षं. १९६७ मध्ये तो बंद करा म्हणून अर्ज गेला होता, तरी पुढची अकरा वर्षं तो चाललाच. समोरच्या घरातल्या जमैकाच्या बाई आमच्याकडे चहाला यायच्या. तो कार्यक्रम लागला की उठून स्वतः बटण बंद करायच्या. कुणी काही बोलायचं नाही, चहा पुन्हा ओतला जायचा.

या सगळ्यातली एक गोष्ट मनाला विशेष लागते. १९६९ साली ‘करी अँड चिप्स’ नावाची मालिका आली, त्यात स्पाइक मिलिगननं रंग फासून पाकिस्तानी माणसाचं सोंग घेतलं होतं. सहा भागांत ती बंद करावी लागली. हा मिलिगन आपल्या अहमदनगरला जन्मलेला, पुण्यात वाढलेला. आया-बबर्चींच्या मांडीवर खेळलेला, विलक्षण प्रतिभेचा विनोदकार. त्यालासुद्धा ती माणसं पुन्हा उभी करायची म्हटल्यावर रंग आणि हेल एवढंच हाताशी आलं.

‘माइंड युअर लँग्वेज’ १९७९ मध्ये बंद झाली. ती दाखवणाऱ्या कंपनीतल्या मायकेल ग्रेड यांना त्यातली माणसांची ठोकळेबाज रूपं आक्षेपार्ह वाटली. आमच्या घरांत तेव्हा हळहळ झाली. बाबा म्हणाले, ‘चांगली करमणूक होती, कुणाच्या पोटात दुखलं?’ माझं मत विचाराल तर ग्रेड यांचा निर्णय बरोबर होता. बाबांचं हसणंही खोटं नव्हतं. दिवसभर कुणी ज्यांच्याकडे बघत नव्हतं, त्यांना संध्याकाळी अर्धा तास कुणीतरी दाखवत होतं. ती भूक होती, आणि भुकेल्या माणसाला ताटात काय वाढलंय हे विचारायला जमत नाही.

विनोद मात्र आपल्या माणसांकडे भरपूर होता. डॉलिस हिलच्या ग्रुनविक फोटो कारखान्यात ऑगस्ट १९७६ मध्ये संप पेटला, त्याच्या पुढारी जयाबेन देसाई. उंची पाच फुटांहून कमी, अंगावर साडी, हातात पर्स. मॅनेजरनं कामगार बायकांना माकडांची उपमा दिली, तेव्हा जयाबेननं त्याला सुनावलं, की हा कारखाना नसून प्राणिसंग्रहालय आहे, आणि इथं माकडांबरोबर तुमचं डोकं चावून काढणारे सिंहही आहेत. आमच्या कित्येक आया तिथून हाकेच्या अंतरावर राहत होत्या. घरोघरी ते उत्तर पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं, पोळ्या लाटताना, रांगेत उभं राहताना. संप १९७८ मध्ये हरला. ते उत्तर हरलं नाही.

आणि १९९८ साली, आमची लग्नं होऊन पोरं झाल्यावर, ‘गुडनेस ग्रेशस मी’ रेडिओवरून टीव्हीवर आली. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर, नीना वाडिया. मुंबईतली दारू प्यालेली मंडळी ‘इंग्लिश’ हॉटेलात जातात, वेटरच्या नावाची वाट लावतात आणि सगळ्यांत अळणी पदार्थ मागवतात! आमचे बाबा तेव्हा साठीच्या घरात होते. ते खुर्चीतून घसरेपर्यंत हसले, कारण दर शनिवारी रात्री करीहाउसात तसल्या गिऱ्हाइकांना त्यांचा मित्र वाढत आला होता. या मालिकेत पोरांची बढाई मारणाऱ्या आया होत्या, स्वतःचं आडनाव साहेबी करून घेणारी कुटुंबं होती, जगातलं सगळं हिंदुस्थानातूनच आलं म्हणणारे बाप होते. टिंगल आपलीच होती आणि कडक होती. पण त्या प्रत्येकाला घर होतं. काकू तोवर परत नाशिकला गेल्या होत्या, नाही तर त्यांना कॅसेट दाखवली असती.

काकूंचा हा प्रश्न आपल्या दिवाणखान्यातही विचारायला हवा. ‘पडोसन’ची कॅसेट आपण किती वेळा भाड्यानं आणली! १९६८ चा चित्रपट, मेहमूदनं रंगवलेले मद्रासी संगीतमास्तर. सगळ्या चित्रपटात प्रेमात पडलेल्यांपैकी खरं गाणं जाणणारा तो एकटाच. नायक नुसता ओठ हलवतो, आणि आडून किशोरकुमार गातो. तरी हरतो कोण, तर शेंडीवाला, काळा, हेल काढून बोलणारा मास्तर. आपण सगळे हसलो. वरच्या मजल्यावरच्या अय्यर काकांची मुलगी आमच्याबरोबर सतरंजीवर बसून बघत होती. ती हसली नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आमच्या पिढीनं एक गोष्ट फार नेटानं केली. मैदानात जे घडलं ते घरी सांगितलं नाही. आईला वाईट वाटेल, बाबा शाळेत येऊन त्यांच्या इंग्रजीत तक्रार करतील आणि उद्या त्याचीही नक्कल होईल, म्हणून गिळलं. त्यांनीही कारखान्यात, बसमध्ये, इस्पितळात जे ऐकलं ते आम्हाला सांगितलं नाही. टीव्हीसमोर दोन्हीकडची माणसं एकत्र बसून हसत होती आणि दोन्हीकडे तेच दुखत होतं.

आता ते आईबाबा ऐंशीच्या पुढे आहेत. ज्यांचे आहेत त्यांना विनंती आहे. या रविवारी त्यांच्याकडे जा आणि मधल्या सुट्टीत काय व्हायचं ते त्यांना सांगा. मग त्यांना विचारा, त्यांनी काय ऐकलं होतं. नावं, वर्षं, जागा लिहून ठेवा. अय्यर काकांच्या मुलीसारखं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर तिलाही विचारा.